पांढऱ्या रुईचा पहारा

भूलतज्ज्ञ निवृत्त झाला की घरच्यांनी जरा सांभाळून असावं. सर्जन निवृत्त झाला तर फार तर भाजी चिरून देतो आणि दोन दिवसांत कंटाळतो. भूलतज्ज्ञाला मात्र जन्मभर एकच सवय लागलेली असते, ती म्हणजे समोरच्याचा श्वास नीट चाललाय ना, हे बघत बसायचं. डॉक्टर प्रल्हाद हर्डीकर जयपूरच्या एका इस्पितळातून निवृत्त झाले आणि जगतपुऱ्यातल्या आपल्या घराच्या परसात एका अळीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले, ते याच सवयीने. त्याचा कॉलनीने काय काय अर्थ लावला ते पुढे येईलच. पण डॉक्टरांना अळीचं प्रेम होतं असं कोणी समजू नये. त्यांना काळजी होती ती वीणाताईंची.

वीणाताईंची धाकटी बहीण गिरिजा चैत्रात कराडला वारली. त्या दिवसापासून वीणाताईंचं बोलणंच थांबलं. रुसल्या होत्या, आजारी होत्या, असं काही नव्हतं. चहा वेळेवर, पोळ्या तशाच मऊ. विचारलं तर 'हो', 'नाही' आणि 'ठेवलंय' ही तीन उत्तरंही मिळायची. पण जी बाई दूधवाल्याच्या सुनेच्या माहेरच्या भांडणात तोडगा काढायची, तिने 'ठेवलंय' एवढ्यावर दिवस काढावा, हे बघवत नव्हतं. मुलगा मिहीर बंगळुरूहून फोन करायचा आणि 'आई, मतलब, काही तरी बोल ना' म्हणून थकायचा. डॉक्टरांनी आपल्या परीने उपाय केले. फिरायला जा म्हणाले, भजनी मंडळात जा म्हणाले, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या. वीणाताईंनी गोळ्या घेतल्या आणि गप्प राहिल्या. घर इतकं शांत झालं, की डॉक्टर उगाच टीव्ही लावून ठेवायचे आणि बातम्या ऐकून आणखी खचायचे.

परसात कुंपणाच्या भिंतीला लागून एक रुईचं झाड आपलं आपण उगवलं होतं. शेजारचे खंगारोतजी, म्हणजे कॉलनीच्या विकास समितीचे अध्यक्ष, त्यांना ते झाड डोळ्यांसमोर नको होतं. आकड्याचा, म्हणजे रुईचा, चीक डोळ्यांत गेला तर माणूस आंधळा होतो, आकडा घरात असला तर घरात क्लेश होतो, अशी माहिती ते भिंतीवरून रोज पुरवत. डॉक्टर गणपतीच्या पत्रीसाठी म्हणून ते झाड राखून होते. जयपुरातल्या मराठी घरांना एकवीस पत्री हर्डीकरांच्या परसातून जायची, हा त्यांचा एवढा एकच मानाचा हुद्दा आता उरला होता. पण खंगारोतजींचा रेटा असा, की शेवटी डॉक्टरांनी माळ्याला झाड उपटायला सांगितलं.

माळी कुदळ घेऊन आला, त्या सकाळी वीणाताई कपडे वाळत घालायला परसात गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली. "अहो, इकडे या. हे बघा तरी." डॉक्टर हातातला पेपर टाकून अनवाणी धावले. रुईच्या पानावर एक अळी होती. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे, पाठीवर काळी शिंगं. वीणाताई सांगत होत्या, की ही कालपर्यंत एवढीशी होती, काल पानाला भोक पाडून चीक आधी वाहून जाऊ दिला आणि मग खायला बसली, किती हुशार आहे बघा. म्हणजे कालपासून त्या हिला बघत होत्या. डॉक्टरांनी मोजली नाहीत, पण चैत्रापासून एवढी वाक्यं एका दमात त्यांनी ऐकली नव्हती. त्यांनी माळ्याला मजुरी देऊन कुदळीसकट परत पाठवलं आणि मनाशी ठरवलं, की ही अळी फुलपाखरू होईपर्यंत हिच्या केसालाही धक्का लागता कामा नये. अळीला केस नव्हते, हा भाग वेगळा.

आता साध्या माणसाने काय केलं असतं? काहीच केलं नसतं, आणि अळी आपली सुखात वाढली असती. पण डॉक्टर जबाबदार माणूस. त्यांनी पहिला शत्रू ओळखला, तो मोर. खंगारोतजी मोरांना सकाळी ज्वारी टाकत आणि ज्वारी संपली की मोर भिंत ओलांडून हर्डीकरांकडे येत. राष्ट्रीय पक्ष्याला दगड मारता येत नाही, हाड म्हणायलाही जीभ कचरते. म्हणून डॉक्टर छत्री उघडून रुईपुढे बसू लागले. मोर आला की छत्री आडवी धरायची. एकदा पाठीमागून आलेल्या मोराने अळी चोचीत धरलीच. पण मोराने तोंड वाकडं करून ती लगेच थुंकली आणि डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं, की असलं कडूजार घरात ठेवता आणि वर छत्री धरता. अळीला काही झालं नव्हतं. रुईचा चीक पिणाऱ्या अळीला कोणी पक्षी खात नाही, ही गोष्ट डॉक्टरांना नंतर कळली. वीणाताईंना ती आधीच कळली होती, पण छत्रीतला नवरा त्यांना बरा वाटत होता, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

मग डॉक्टरांनी मिहीरची लहानपणीची मच्छरदाणी काढून झाडावर चढवली. चार काठ्या, त्यावर गुलाबी जाळी, आत रुई, समोर खुर्चीत डोळे लावून बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस. त्यातच रुईला फुलं आली, आणि ती निघाली पांढरी.

पांढऱ्या आकड्याचं जयपुरात काय माहात्म्य आहे, हे डॉक्टरांना पस्तीस वर्षं राहून माहीत नव्हतं. त्याच्या मुळात साक्षात गणपती असतो. खंगारोतजींनी भिंतीवरून फुलं पाहिली, जाळी पाहिली, ध्यान लावून बसलेले डॉक्टर पाहिले, आणि त्यांचा चेहरा पालटला. उपटा म्हणून महिनाभर पाठीस लागलेला हाच माणूस हात जोडून म्हणाला, "डॉक्टर साब, आपने बताया क्यों नहीं?" डॉक्टरांनी अळीचं खरं कारण सांगितलं. खंगारोतजी नुसते हसले. खरा साधक साधना उघड करत नाही, एवढंच ते म्हणाले आणि घरातून शेंदूर घेऊन आले.

दोन दिवसांत मागच्या गल्लीतल्या फाटकापाशी माणसं जमायला लागली. कोणी दिवा लावला, कोणी नारळ वाढवला, एका बाईने मुलाच्या जगतपुऱ्याच्याच कॉलेजातल्या प्रवेशासाठी जाळीला लाल दोरा बांधला. उदबत्त्यांच्या धुराने अळी मान हलवायला लागली की डॉक्टर वर्तमानपत्राने वारा घालत, आणि लोक समजत ते देवाला चवरी ढाळताहेत. बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. आयुष्यभर रोग्यांनी यांचा चेहरा बघितला नाही, कारण हे समोर आले की रोगी झोपायचा, आणि आता नमस्कार मिळतोय तो अळीमुळे, हे डॉक्टरांना फार लागलं. वीणाताई मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघायच्या, आणि रात्री जेवताना सांगायच्या, की आज अळीने कात टाकली, आज तिने पहिल्यांदा फूल खाल्लं, त्या दोरेवालीचा मुलगा गणितात कच्चा आहे. डॉक्टर खाली मान घालून जेवायचे आणि एकही शब्द मध्ये घालायचे नाहीत, न जाणो ओघ तुटायचा.

एवढ्यात डेंग्यूची साथ आली आणि कॉलनीत धूर मारणार असल्याची सूचना लागली. डासाचा धूर म्हणजे अळीचा अंत. डॉक्टर वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या बाबूजींकडे धूर मारा म्हणून अर्जांचा ढीग होता, मारू नका असा अर्ज त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. कारण काय, तर कीटक-निरीक्षण. बाबूजी म्हणाले, की कीटक मारणं हे आमचं खातं आहे, बघणं नाही. त्यांनी उद्यान शाखेकडे पाठवलं. उद्यान शाखा म्हणाली झाड खासगी आहे, आणि प्राणी असेल तर पशुपालन बघा. पशुपालनवाल्यांनी अगदी अदबीने विचारलं, जनावराला पाय आहेत का. डॉक्टरांनी ठासून सांगितलं, आहेत. दूध? दूध नाही. मग ते आमच्याकडे नाही, असा निर्णय झाला. दिवसभर फिरून डॉक्टर पुन्हा बाबूजींसमोर आले, तेव्हा त्यांना दया आली. धार्मिक कारण असेल तर लिहून द्या, लगेच होतं, असं त्यांनी हळूच सुचवलं. डॉक्टर ताठ झाले. आपण विज्ञानाचा माणूस, असलं खोटं लिहून देणार नाही, असं म्हणून ते बाहेर पडले आणि रिक्षात बसल्यावर आपल्या बाणेदारपणाचा त्यांना मनापासून पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवशी धुराचं यंत्र गल्लीत आलं. डॉक्टर हात पसरून फाटकात उभे राहिले, पण त्यांच्या अंगात नुसता सदरा होता आणि यंत्राला आवाज होता. तेव्हा पुढे आले खंगारोतजी, मागे आरतीचं ताट घेतलेल्या बायका. इथे गणेशजी बसलेत, धूर पुढे न्या, असं अध्यक्षांनी बजावलं. यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं, चपला काढल्या, जाळीला हात जोडले, प्रसादाचा पेढा घेतला आणि तो पुढच्या गल्लीत गेला. कोणीतरी डॉक्टरांच्या कपाळावर भलामोठा टिळा लावला. विज्ञानाच्या माणसाने तो मुकाट्याने लावून घेतला. खिडकीत वीणाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. चैत्रानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि डॉक्टरांना वाटलं, असे दहा टिळे लावा.

अळी मग पानाखाली उलटी टांगली गेली आणि तिचा कोश झाला. हिरवा, गुळगुळीत, सोनेरी ठिपक्यांचा. वीणाताई म्हणाल्या, की आता आठवड्याभराने यातून फुलपाखरू निघेल, आणि ते निघताना मला बघायचंय, मला उठवा, काही करा, पण चुकवू नका. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी नवऱ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनीच घोटाळा केला. चतुर्थीला गर्दी होणार, रेटारेटीत झाड मोडणार, म्हणून त्यांनी कोशाचं पान देठासकट कापून घरात आणलं. पान सुकू नये म्हणून ताटात ओल्या फडक्यात ठेवलं. हर्डीकरांच्या घरात ओलं फडकं म्हटलं की पत्रीचंच. दूर्वा, शमी, आघाडा, धोतरा, सगळं त्याच फडक्यात. त्या संध्याकाळी आर्मीतल्या मेजर स्वप्नीलची बायको अश्लेषा पत्री न्यायला आली. कोल्हापूरची मुलगी, लग्नानंतरचा पहिलाच गणपती, तोही माहेर-सासरपासून इतक्या लांब. डॉक्टरांनी तिला एकवीस पानांची नावं, क्रम आणि औषधी गुण हे सगळं समजावलं, कौतुकाने फडकं बांधून हातात दिलं आणि फाटकापर्यंत पोचवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वीणाताई कोश बघायला आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की काल अश्लेषाबरोबर काय गेलं.

त्या तिथल्या स्टुलावर बसल्या आणि रिकाम्या ताटाकडे बघत राहिल्या. चैत्रात फोन ठेवल्यावर बसल्या होत्या, अगदी तशाच. डॉक्टरांना तेव्हा काही सुचलं नव्हतं, आज सुचलं. त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, चल.

छावणीच्या फाटकावर जवानाने भेटीचं कारण विचारलं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सुरुवात केली, की एक कोश आहे, तो पानाला चिकटलेला आहे आणि चुकून लष्करी हद्दीत गेला आहे. जवानाचा हात फोनकडे गेला. त्याने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी वस्तूचं वजन आणि रंग विचारला. हिरवा, ठिपके असलेला, आणि आता कधीही फुटेल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. तेव्हा वीणाताई दार उघडून खाली उतरल्या. "भैया, हमारी बेटी के घर गणपति बैठे हैं," त्या म्हणाल्या. "पहला साल है. घर का कोई नहीं है उसके पास." जवानाने फाटक उघडलं.

अश्लेषाचा गणपती टेबलावर, मागे बगरूची छापील चादर, पुढे पत्रीची रास, आणि सगळ्यात वर ते पान. देठाला कळी आहे, देवाला आवडेल, म्हणून तिने मुद्दाम वर वाहिलं होतं. कळीचं खरं रूप ऐकून ती रडवेली झाली. पान उचलायला डॉक्टरांनी हात पुढे केला तो वीणाताईंनी धरला. वाहिलेलं पान देवाच्या अंगावरून काढायचं नाही. उद्या उत्तरपूजा झाली की नेऊ, तोपर्यंत राहू दे. मग त्या तिथेच बसल्या, अश्लेषाबरोबर मोदकांच्या पाऱ्या केल्या, आणि दर थोड्या वेळाने उठून पान बघून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गेले. कोश काळसर झाला होता आणि आतले नारिंगी पंख दिसत होते. मेजर स्वप्नीलला दुपारच्या आत हजर व्हायचं होतं, म्हणून उत्तरपूजा लवकर. गुरुजी नाशिकहून फोनवर, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. अंगणात पाण्याने भरलेलं पिंप, त्यातच मूर्ती आणि त्यातच निर्माल्य. पूजा झाली, अक्षता पडल्या, मूर्ती हलवली. डॉक्टरांनी फोनपुढे वाकून विचारलं, की हे पान पाण्यात नाही टाकलं तर चालेल का, आत जीव आहे, श्वास चालू आहे. गुरुजी म्हणाले, शास्त्र असं सांगतं, की... आणि रेंज गेली. गुरुजी हात वर करून, तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजले. सगळे त्या उघड्या तोंडाकडे बघत उभे राहिले. स्वप्नीलने घड्याळ पाहिलं, मूर्ती उचलली. अश्लेषा निर्माल्याची परडी घेऊन काय करू असं विचारत्या डोळ्यांनी बघायला लागली.

वीणाताईंनी परडीतून ते पान उचललं.

"गणपती पुढच्या वर्षी येणार आहे," त्या म्हणाल्या. "हा नाही येणार. माझी गिरिजा गेली ती मी अशीच फोनच्या पडद्यावर बघितली. तिचा श्वास थांबला तेही बघितलं, आणि मी इथे नुसती बसून राहिले. आता नाही बसून राहणार."

अश्लेषाने परडी खाली ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवढ्यात फोनमधले गुरुजी हलले आणि आपल्याला इकडचं काहीच ऐकू आलेलं नाही अशा साध्या सुरात म्हणाले, की पान घरी न्या ना, देवाने परत दिलेला प्रसाद असतो तो.

गाडीत वीणाताई मागच्या सीटवर बसल्या, पुढे एसीचा वारा लागतो म्हणून. पान देठाला धरून त्यांनी उंच धरलं होतं. शहराच्या त्या टोकापासून जगतपुऱ्यापर्यंत सगळं जयपूर ओलांडायचं, त्यात सणाची गर्दी. दोन सिग्नल गेले असतील, मागून आवाज आला, "अहो, फाटतंय."

डॉक्टरांनी गाडी कडेला घेऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, नको, धक्का बसेल, तुम्ही चालवा, मी सांगते. आणि त्या सांगायला लागल्या. डोकं आलं. पाय आले, ओले आहेत. पंख कुठे आहेत याला, नुसत्या चिंध्या आहेत. थांबा, वाढताहेत. उलटं लोंबकळतंय आणि पंखांत काही तरी भरतंय हो. नारिंगी आहे, टोकांना काळं, काळ्यात पांढरे ठिपके. एवढे दिवस पहारा दिला तो डॉक्टरांनी, छत्री धरली, टिळा लावून घेतला, छावणीच्या फाटकावर संशयित ठरले, आणि आता ते पाठीमागे वीतभर अंतरावर जन्माला येत होतं, तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर एका ट्रकचा मागचा भाग होता. आरशात बघावं तर त्यात फुलपाखरू येत नव्हतं. वीणाताईंचा चेहरा येत होता.

हात दुखत असेल, जरा वेळ मी धरतो, असं ते एकदा म्हणाले. वीणाताईंनी ते ऐकलंच नाही. गिरिजाला हे सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता, त्या सांगत होत्या. लहानपणी तिने आगपेटीत पाळलेला हिरवा किडा आईच्या पिठाच्या डब्यात सापडला होता, आणि मार मी खाल्ला. शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती, हे तुम्हाला मी सांगितलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बाई कोण आहेत या. बोलता बोलता त्या रडत होत्या, रडता रडता मध्येच पंख वाळत आले म्हणत होत्या, आणि पुन्हा गिरिजाकडे वळत होत्या.

घराची गल्ली आली. डॉक्टरांनी वेग कमी केला, आरशात एकदा पाहिलं, आणि गाडी वळवली नाही. ते सरळ पुढे निघाले. वीणाताईंच्या ते ध्यानातही आलं नाही, त्या बोलत होत्या.